रेल सेन्सरला खोटं सांगून ट्रक ट्यून होत नाही

ट्रकमालक आणि ड्रायव्हर मंडळींत सध्या एक दावा जोरात फिरतोय. कंपनी म्हणे इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवते. रेल प्रेशर सेन्सरच्या (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी दाबाची नळी म्हणजे रेल, तिचा दाब मोजणारा सेन्सर) सॉकेटमध्ये एक छोटी डबी बसवायची, की ३० एचपी मोकळे होतात आणि ॲव्हरेजही वाढतं. इंजिनाला धोका नाही, कारण बाकीचे कंपनीचे सेन्सर सगळं आपोआप सांभाळून घेतात. डॅशबोर्डवरची चेक लाइट लागत नाही, हा त्याचा पुरावा. माझं काम कॉमन रेल डिझेलवरचं आहे, आणि ही डबी लावून गरीब माणसाची गाडी बसते तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कंपनी ताकद दाबून ठेवते, यात तथ्य आहे. एकच ५.९ लिटरचं इंजिन वेगवेगळ्या एचपीत विकलं जातं, हे कुणीही ब्रोशरमध्ये पाहू शकतं. पण जास्त एचपीच्या इंजिनात बहुतेक वेळा टर्बो, नोझल, कधी पिस्टन आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही वेगळा असतो. बाहेरून ब्लॉक सारखा दिसला म्हणून आतला माल सारखा नसतो.

आता मुख्य गोष्ट, सेन्सर सांभाळून घेतात ही. रेल सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात आणि तो दाबाप्रमाणे साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट परत पाठवतो. डबी मध्ये बसून हा व्होल्टेज कमी करते. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, समजा १४०० बार (बार हे दाबाचं माप) हवे आहेत. त्याला दिसतात त्यापेक्षा कमी, म्हणून तो पंपाकडून दाब वाढवून घेतो. त्याला १४०० दिसू लागतात तेव्हा रेलमध्ये खरे १५४० झालेले असतात. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम याच दाबावरून ठरवतो. १४०० धरून तो वेळ देतो, आणि डिझेल १५४० बारने आत जातं. सांभाळून घेणारा जो सेन्सर होता, त्याचाच डोळा आपण बांधला. बूस्ट सेन्सर (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब मोजणारा) आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर हवा किती आली ते सांगतात, डिझेल किती गेलं ते नाही. बहुतेक बीएस-४ ट्रकमध्ये (म्हणजे बीएस-६ च्या आधीच्या प्रदूषण नियमांतल्या) सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसमधला ऑक्सिजन मोजून डिझेल कमी करणारी सोयच नाही. हवेच्या मानाने डिझेलची जी मर्यादा ईसीएम आखतो, ती कागदावर पाळली जाते आणि सिलिंडरमध्ये मोडते.

३० एचपीचा हिशेबही करून बघा. नोझलमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब १० टक्के वाढवला तर डिझेल जेमतेम ५ टक्के. १८० एचपीच्या गाडीला ३० एचपी जादा हवे तर डिझेल सुमारे १७ टक्के वाढायला हवं, म्हणजे दाब ३६ टक्के. १४०० बारचे १९०० बार. बीएस-४ काळातल्या बऱ्याच ट्रकची रेल १६०० ते १८०० बारसाठीच केलेली असते. हिशेब ढोबळ आहे, पण यातून दोनच गोष्टी निघतात. एक तर डबी ३० एचपी देत नाही, किंवा देत असेल तर पंप, इंजेक्टर आणि रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह रोज मर्यादेपलीकडे राबतोय.

ॲव्हरेजचा मुद्दा. चांगलं डिझेल इंजिन एक किलोवॅट-तासाला सुमारे २०० ग्रॅम डिझेल खातं. ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅट. फुल लोडला तासाला ५ लिटरहून जास्त डिझेल वाढणारच. घाटात गाडी लवकर चढते, म्हणून वाचतं असं सांगतात. कसाऱ्याहून इगतपुरीला चढ सुमारे ३०० मीटरचा. २५ टनांची गाडी तेवढी वर न्यायची तर नुसत्या उचलण्यालाच ५ लिटरच्या आसपास डिझेल लागतं, दहा मिनिटांत चढा नाहीतर वीस. मग डॅशबोर्डवर ॲव्हरेज वाढलेलं का दिसतं? तो आकडा ईसीएम स्वतःच्या हुकमावरून काढतो. जादा गेलेलं डिझेल त्याला माहीतच नसतं. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, तोच रूट, तोच माल, अशा तीन फेऱ्या करून बघा.

जास्त डिझेल दिलं की इंजिन थंड राहतं, हेही बरेच जण ठामपणे सांगतात. ही पेट्रोलची गोष्ट आहे, डिझेलला उलटी लागू होते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त हवा घेऊन चालतं आणि ती जादा हवाच उष्णता वाटून घेते. डिझेल वाढवाल तसा गॅस तापत जातो, आणि काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, हवेअभावी अर्धवट जळलेलं डिझेल. भरल्या गाडीने लांब घाटात टर्बोच्या तोंडाशी ७०० अंश सहज होतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यामुळे आणि रिंगांमधून लायनरकडे जाणाऱ्या उष्णतेमुळे. त्या उष्णतेचा हिशेब कंपनीने ठरलेल्या डिझेलवर केलेला असतो. वितळलेला पिस्टन मी हातात धरला आहे. त्या गाडीला चेक लाइट लागलेली नव्हती. ईसीएमला हवे तेवढे बार दिसत होते, मग तो तक्रार कशाची करणार?

बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो, हे वेगळंच. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १८२अ बघा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही शिक्षा गाडीच्या मालकाला आहे.

ट्यूनिंगला माझा विरोध नाही. जिथे ते कायद्यात बसतं, तिथे टर्बोच्या आधी तापमानाचा प्रोब लावून, हवा आधी वाढवून, ईसीएमच्या आतले तक्तेच बदलायचे असतात, म्हणजे त्याचा हिशेब खरा राहतो. पण डबी शोधणाऱ्या बहुतेक गाड्यांना त्याची गरजच नसते. त्यांचं पिकअप मुळात पडलेलं असतं. इंटरकूलरचा पाइप क्लॅम्पपाशी फुटलेला, एअर फिल्टर चोंदलेला किंवा बूस्ट सेन्सरवर काजळी बसलेली. बूस्ट कमी दिसला की ईसीएम डिझेल कापतो, आणि ड्रायव्हरला वाटतं कंपनीने गाडी दाबून ठेवली आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर बूस्ट सेन्सरचा दाब वाचा. मुंबईत तो १०१० मिलीबारच्या आसपास हवा, नाशिकला ९४० ते ९५०. आकडा बराच वेगळा आला तर सेन्सर काढून साफ करा, नाहीतर बदला. तो बरोबर असेल तर इंटरकूलरच्या पाइपांना दाबाची हवा देऊन साबणाचं पाणी लावा, फुटलेली जागा बुडबुडे दाखवतील.