तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट नऊ महिन्यांची हमी देत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच-सहा जणींनी पाठवला. बचत गटाचे ग्रुप, भिशीचे ग्रुप, शाळेतल्या आयांचे ग्रुप, निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडे तो फिरतोय. म्हणणं असं: तिसऱ्या महिन्यात हार्मोनची रक्ततपासणी आणि रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी केली की बाळंतपणापर्यंत काय होणार ते पक्कं कळतं. रिपोर्ट नॉर्मल असला तर दर महिन्याला दवाखान्यात खेटे घालायची गरज नाही. हार्मोन कमी आला तर बाळात दोष आहे. डॉक्टर ॲस्पिरिन देतील ती घेऊ नका, रक्त पातळ होऊन गर्भ पडतो. आणि ज्यांना ही तपासणी परवडत नाही त्यांनी देवावर भरवसा ठेवावा.

मी सोळा वर्षं बेळगावात प्रसूती विभागात नर्स आहे. यातलं एकेक वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक घेते.

“रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नऊ महिने निर्धास्त.” सगळ्यात घातक वाक्य हेच. आधी ही तपासणी बघते काय ते समजून घेऊ. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात. शेताला पाणी देताना पाट मोकळा करावा तसं. हे काम नीट झालं नाही तर रक्ताला अडथळा राहतो, वारेला कमी पुरवठा होतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आईचा रक्तदाब चढतो, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) जातं, बाळाची वाढ मागे पडते. यालाच प्रीक्लॅम्प्सिया म्हणतात. ११ ते १४ आठवड्यांत डॉपलर त्या वाहिन्यांतला अडथळा मोजतं, आणि पॅप-ए, पीएलजीएफ ही रक्तातली द्रव्यं (मेसेजमधलं ‘हार्मोन’ ते हेच) वार किती जोमाने कामाला लागली आहे याचा अंदाज देतात.

अंदाज. लंडनचे डॉक्टर किप्रॉस निकोलायडिस यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं. आईचा इतिहास, रक्तदाब, डॉपलर आणि पीएलजीएफ, सगळं एकत्र मांडून हिशेब केला तर ३७ आठवड्यांआधी बाळंत करावं लागेल असा प्रीक्लॅम्प्सिया होणाऱ्या चार बायकांपैकी साधारण तिघी आधी ओळखता येतात. चौथी सुटते. आणि त्यासाठी दहातल्या एकीवर जोखमीचा शिक्का बसतो, जिला बहुधा काहीच होणार नसतं. पण हा आजार जास्त करून होतो तो ३७ आठवडे भरल्यावर, आणि तिथे याच तपासणीला निम्म्याही बायका सापडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एक पहिलटकरीण भरल्या दिवसांत आली. डोकं दोन दिवस ठणकत होतं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट, “लो रिस्क”. मधले तीन महिने बीपी कुणी मोजलंच नव्हतं, कारण रिपोर्ट चांगला होता. मी पट्टा बांधला तर १७०/११०. लघवीची पट्टी बघता बघता गडद हिरवी झाली. मॅग्नेशियमचं इंजेक्शन वेळेत मिळालं, आकडी आली नाही, दोघं वाचली. पण ती पिशवी तिने टेबलावर माझ्या पुढ्यात सरकवली होती आणि परत परत म्हणत होती, “सिस्टर, ह्यात सगळं बरं लिवलंय की ओ.” तो रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर तिला त्यात सापडलं होतं.

“हार्मोन कमी म्हणजे बाळात दोष.” डबल मार्करमध्ये, म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या दोन द्रव्यांच्या रक्ततपासणीत, पॅप-ए कमी आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, हे मी पाहते. आकडा येतो ‘एमओएम’मध्ये, म्हणजे तेवढ्याच दिवसांच्या इतर गर्भारणींच्या मधल्या आकड्याच्या किती पट. ०.४ च्या आसपास किंवा खाली शंभरात पाचेक जणी येणारच, मोजायची रीतच तशी आहे. त्यातल्या बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात. डाउन सिंड्रोमची (गुणसूत्रांतल्या दोषाची) शक्यताही एकट्या पॅप-एवरून काढत नाहीत. आईचं वय, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी आणि दुसरं हार्मोन, असं सगळं धरूनच तो हिशेब होतो, आणि जोखीम जास्त दिसली तरी पक्कं निदान पुढच्या तपासणीनेच. गुणसूत्रं ठीक असतील तर कमी पॅप-एचा अर्थ एवढाच की बाळाच्या वाढीवर आणि आईच्या बीपीवर जास्त लक्ष ठेवा.

आणि दिवस चुकले तर आकडाही चुकतो. पाळी “गणपतीच्या आधी कधीतरी” आली एवढ्यावर भागत नाही. सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून दिवस पक्के करतात. फॉर्मवर वजन अंदाजाने लिहिलेलं, मधुमेह लिहायचा राहिलेला, असेही रिपोर्ट माझ्यासमोर येतात. रडायच्या आधी ते दोन रकाने बघा.

डॉपलरमध्ये “नॉच”, म्हणजे रक्तप्रवाहाच्या आलेखात खाच, लिहून आलं म्हणून घाबरून आलेल्यांनाही हेच सांगते. ती खाच पहिल्या तिमाहीत कितीतरी निरोगी बायकांत दिसते. डॉपलरने बाळाला किरणं लागतात हेही खरं नाही. तो आवाजच असतो, ऐकू न येणारा, आणि काम झालं की बंद करतात.

आता ॲस्पिरिन. इथे मला थोडं थांबायचंय, कारण याचा पुरावा आपल्या दारातला आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी इथल्या खेड्यापाड्यांतल्या गर्भवतींसह एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. सहा देश, पहिलटकरणी ११,९७६, अर्ध्यांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी, आणि सुरुवात १४ आठवड्यांच्या आत. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. जन्माच्या अलीकडे-पलीकडे दगावणारी बाळं हजारी ५३.६ ऐवजी ४५.७. म्हणजे “गर्भ पडतो” याच्या नेमकं उलट. आईला होणारे त्रास दोन्ही गटांत सारखेच होते. आपल्याच तालुक्यांतल्या बायकांनी गोळ्या खाऊन दिलेलं हे उत्तर आहे, आणि आपल्याच ग्रुपवर त्याच्या उलट फिरवलं जातंय, याचं मला वाईट वाटतं.

जोखीम जास्त ठरलेल्यांबद्दलचा अभ्यास २०१७ चा, मुख्यतः युरोपातला. रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत. लवकर होणारा प्रीक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्यात मात्र फारसा फरक पडला नाही, म्हणून गोळी चालू असली तरी बीपी मोजायचंच. गोळी सुरू करायची ती १६ आठवड्यांच्या आत. सातव्या महिन्यात आठवण होऊन तेवढा उपयोग नाही. आपल्या मनाने मात्र घेऊ नका. दमा, पोटातला अल्सर, रक्तस्रावाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

“परवडत नाही त्यांनी देवावर भरवसा ठेवावा.” हे वाचून मला राग आला. जांबोटी-कणकुंबीकडच्या बाईला पीएलजीएफ कुठून मिळणार? पण सगळ्यात कामाचे प्रश्न फुकट आहेत. मागच्या खेपेला बीपी चढला होता का, आकडी आली होती का? आधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे का? जुळं आहे का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे कमी मात्रेतली ॲस्पिरिन द्यायला हार्मोनच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पहिलंच बाळंतपण, जास्त वजन, आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झालेला, हेही सांगायचं. बीपीचा पट्टा प्रत्येक सरकारी दवाखान्यात असतो, आणि महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात आणि घरी पत्र्याच्या डब्यात तशाच पडून राहतात. दूध-नाचणी पोटात कमी जातं तिथे त्या प्रीक्लॅम्प्सिया टाळायला मदत करतात. बेंगळूरुच्या ११,००० पहिलटकरणींच्या अभ्यासात (निकाल २०२४ चे) रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हा आजार ३ टक्के झाला, १५०० घेणाऱ्यांत ३.६, म्हणजे कमी मात्राही तेवढीच कामाची. गोळ्या किती ते डॉक्टर सांगतील, पण घ्या. लोहाच्या गोळीबरोबर एका वेळी नको.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, पण आपल्या भागात तिनेच घोटाळा होतो. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी महाराष्ट्रात जाते, कुणी चंदगडला, कुणी गडहिंग्लजला. तायी कार्ड (कर्नाटकातलं गर्भवतीचं नोंदकार्ड) कन्नडमध्ये, सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत, आणि फाईल बहुतेक वेळा सासरी कपाटात. तिकडच्या डॉक्टरांना सुरुवातीचं बीपी किती होतं तेच कळत नाही. १३०/८५ बघून ते म्हणतात ठीक आहे, आणि तिचं आधीचं १००/६० असतं. म्हणून मी आता निघताना प्रत्येकीच्या फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून देते: प्रत्येक भेटीची तारीख आणि बीपी, ॲस्पिरिन किती मिलिग्रॅम, कधीपासून, कधी थांबवायची. खाली चार ओळी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडा-हातावर एकदम सूज: यातलं काही झालं तर रात्र असली तरी निघायचं, बाळंत होऊन आठ दिवस झाले असले तरीही. मग त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायला लावते, एक तिच्या आणि एक तिच्या आईच्या.