इपॉक्सीत रबर की थर्मोप्लास्टिक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ठिसूळ इपॉक्सीत (हार्डनर घालून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) पॉलिइथरसल्फोन हे थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की मऊ पडणारं प्लास्टिक, मिसळून तिला चिवट करण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप दोन. सीटीबीएन रबर (इपॉक्सीत मिसळायचं द्रव रबर) स्वस्त आणि सोपं असताना हा खटाटोप कशाला? आणि वागळे इस्टेटमधल्या तुमच्या युनिटमध्ये पॉलिसल्फोनची (त्याच कुळातल्या थर्मोप्लास्टिकची) पावडर घालून पाहिली, तर रेझिन दाट झालं, पण कास्टिंगचे (साच्यात ओतलेल्या भागांचे) तडे काही थांबले नाहीत.

रबर उत्तमच आहे, पण सगळ्या इपॉक्सीत नाही. रबराचे कण आजूबाजूच्या इपॉक्सीला सरकायला, ताणायला लावतात आणि तड्याची ऊर्जा त्यात खर्च होते. म्हणजे मुळात इपॉक्सीला सरकता आलं पाहिजे. रेणूंचं जाळं सैल असलेल्या बिस्फेनॉल-ए रेझिनला ते जमतं. टीजीडीडीएम हे इपॉक्सी रेझिन आणि डीडीएस हा हार्डनर या जोडीचं जाळं इतकं घट्ट असतं की तिथे रबराने फारसं काही साधत नाही, वर कडकपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद घटते. पॉलिइथरसल्फोन स्वतःच 220 अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे हा तोटा जवळपास टळतो. शिवाय ते इपॉक्सीच्या सरकण्यावर अवलंबून नसतं. तड्याचे दोन्ही काठ धरून ठेवतं आणि स्वतः ताणत ताणत फाटतं.

आता तुमची पावडर. ती नुसती ढवळून भागत नाही. हार्डनर घालण्याआधी, 120-140 अंशांवर, रेझिन पारदर्शक दिसेपर्यंत विरघळवावी लागते. मग क्युअर होताना, म्हणजे रेझिन घट्ट होत जाताना, इपॉक्सीचे रेणू वाढतात, थर्मोप्लास्टिक त्यांच्यातून वेगळं होऊ लागतं आणि रेझिन जेलीसारखं थिजलं (जेल झालं) की जी रचना असेल ती तिथेच गोठते. खरा खेळ या रचनेचा आहे! पाच टक्के थर्मोप्लास्टिक असेल तर त्याचे सुटे गोळे मिळतात. साधारण 15 ते 20 टक्क्यांना दोन्ही पदार्थ एकमेकांत सलग गुंफले जातात आणि चिवटपणा खरा तिथे वाढतो. दोघांमधली पकडही हवी. 1983 मध्ये संशोधक बकनॉल आणि पार्ट्रिज यांनी पॉलिइथरसल्फोन मिसळलं, रचना वेगळ्या झाल्या, चिवटपणा मात्र फारसा वाढला नाही. 1985 मध्ये हेड्रिक, मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी पॉलिसल्फोनच्या टोकांना इपॉक्सीशी जोडले जाणारे फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट लावले आणि चिवटपणा स्पष्ट वाढला. बाजारातली साधी पावडर घेताना हे विचारायलाच हवं.

दाटपणाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. इतकं थर्मोप्लास्टिक घातलेलं रेझिन साच्यात ओतायला जड जातं. म्हणूनच ते विमानांच्या प्रीप्रेगमध्ये (आधीच रेझिन मुरवलेल्या तंतूंच्या थरांमध्ये) जास्त दिसतं, तिथे दाटपणा चालतो.

आणि खरं सांगू का, तुमच्या कास्टिंगचं दुखणं मला वेगळं वाटतं. फिलर (भर म्हणून घालायची पूड) नसलेली इपॉक्सी तांब्याच्या तिपटीहून जास्त प्रसरण पावते. तापवून थंड करताना आत बसवलेल्या धातूच्या तुकड्याभोवती (इन्सर्टभोवती) ताण साठतो आणि धारदार कोपऱ्यापाशी तडा जातो. तिथे आधी सिलिका फिलर वाढवा, कोपरे गोल करा, थंड करण्याचा वेग कमी ठेवा. तुटलेल्या तुकड्यावर तडा नेमका कुठून सुरू झालाय ते पाहून कळवा. रबाळे एमआयडीसीकडे येणं झालं तर तुकडा सोबत आणा, आमच्याकडे मायक्रोस्कोपखाली बघू.