कवटीवाल्यांनो, एकदाचं ठरवा!

पनिशरवर, म्हणजे कॉमिकमधल्या त्या छातीवर कवटी मिरवत गुंडांना स्वतःच संपवणाऱ्या सूडवाल्या गड्यावर, सिनेमा काढायचा तरी कसा, हे सगळ्या फॅनमंडळींनी एकदा बसून ठरवा आणि आम्हाला मोकळं करा बुवा! १९८९ मध्ये डॉल्फ लुंडग्रेन आला, तर छातीवर कवटीच नाही म्हणून बोंबाबोंब. २००४ मध्ये थॉमस जेन कवटी घालून आला, तर कथा न्यूयॉर्क सोडून फ्लोरिडाला का नेली? म्हणे, एवढ्या लख्ख उन्हात कोणी सूड घेतं का! त्यातच तो एका गुंडाला उलटा टांगतो, शेजारी मांसाचा तुकडा भाजतो आणि त्याच्या उघड्या पाठीला बर्फाची कांडी टेकवतो. गुंड जळाल्यासारखा किंचाळतो. काय झकास प्रसंग! पण यांचं रडगाणं काय? खरंच का नाही जाळलं?

बरं. २००८ मध्ये रे स्टीव्हन्सनने मुडद्यांचा खच पाडला. आता खूश? छे! 'फारच रक्तपात हो.' मग काय त्याने पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा होता? जॉन बर्नथलची मालिका आली, तर हा फारच रडतो म्हणे. बायकापोरं डोळ्यांदेखत गेलेला माणूस आहे तो, रडणार नाही तर काय लेझीम खेळणार?

आणि त्याला देव्हाऱ्यात बसवणारे तर महाभागच! अहो, १९७४ मध्ये हा गडी आला तोच मुळी स्पायडरमॅनला मारायला. २०१९ च्या कॉमिकमध्ये गाडीवर त्याची कवटी चिकटवणाऱ्या पोलिसांना तो स्वतःच झापतो, आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा म्हणून. ते कोण वाचतंय? टी-शर्ट घेतला की झालं!