जुना हिशेब गमावण्याच्या सोप्या युक्त्या

जीएसटीची २०१९-२० ची नोटीस आली म्हणून एवढं काय घाबरायचं, शेठ? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आहेच की. 'टॅली जुने', 'टॅली जुने फायनल' आणि 'न्यू फोल्डर ३', यांतल्या एकात असेलच. गेल्या आठवड्यात आलेल्या पेनड्राइव्हमध्येही होता म्हणे 'सगळा डेटा'. उघडला तर डेस्कटॉपवरचा टॅलीचा आयकॉन तेवढा कॉपी केलेला. या कलेत तुम्हीही मागे राहू नये, म्हणून हे चार शब्द.

बॅकअप सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर घ्या. डिस्क एकच आहे, जाताना दोन्ही सोबत जातील.

टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे डेटाला लावलेल्या कुलपाचा, पासवर्ड फक्त अकाउंटंटला माहीत असू द्या आणि दिवाळीला त्याच्याशी बोनसवरून भांडा. पुढे कंपनीच्या (टॅलीत एका धंद्याच्या हिशेबाला कंपनी म्हणतात) यादीत नावाच्या जागी फुल्या मोजत बसा. विसरलेला पासवर्ड टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत.

पावत्या थर्मल कागदावरच ठेवा. दोन उन्हाळ्यांत कोऱ्या होतात.

'जीएसटी पोर्टलवर आहे ना सगळं' असं म्हणा. रिटर्न सातच वर्षं दिसतील, हे पोर्टल चालवणाऱ्या जीएसटीएनने २०२४ मध्ये सांगितलं होतं, पण वाचतं कोण.

डेटा जड झाला की स्प्लिट करा, म्हणजे तारखेवरून दोन भाग पाडा. आधी बॅकअप नको, डेटातल्या चुका तपासणारं व्हेरिफाय तर नकोच. दोन नव्या कंपन्या तयार होतात आणि मूळ तशीच राहते, म्हणजे एकाच दुकानाच्या तीन. नवा मुलगा एप्रिलच्या एंट्र्या मूळ कंपनीत मारतो, मेच्या नव्या भागात. जूनमध्ये कोणीतरी 'जुनी' म्हणून मूळच उडवतो.

आणि बॅकअप कधी रिस्टोअर करून बघू नका. बघायचाच असेल तर थेट चालू डेटाच्या फोल्डरवर करा, म्हणजे त्याच नंबरची आजची कंपनी पुसून मार्चची बसेल. अहो, तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर, रिकाम्या फोल्डरात रिस्टोअर करायला अर्धा तास लागतो! ट्रायल बॅलन्स जुळवायचा, टॅलीच्या स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये व्हाउचरची संख्या बघायची, झालं. तेवढंही होत नाही आणि नोटीस आली की रात्री अकराला फोन, 'साहेब, फाइल उघडत नाही.' उघडेल कशी? बॅकअपची डिस्क वर्षभर कॉम्प्युटरलाच लावलेली. व्हायरसने कॉम्प्युटर लॉक केला तेव्हा तीही लॉक झाली.

आता सरळच सांगतो. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. २०२३-२४ चं रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होतं, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, यातलं जे उशिराचं ते. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ८ आर्थिक वर्षं. डे बुक, लेजर, ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी दरवर्षी पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढा, सॉफ्टवेअर बदललं तरी वाचता येतील. पण त्यात एडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, येत नाही, म्हणून मूळ डेटाही ठेवा. नव्या आवृत्तीत नेण्याआधीची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. एक डिस्क दुकानात, एक घरी, पासवर्ड बंद पाकिटात.

'मार्चनंतर बघू' म्हणू नका, मार्चनंतर तुम्ही फोनही उचलत नाही. आज शटर ओढण्याआधी कॉम्प्युटरला लावलेली ती बॅकअपची डिस्क काढा, केबलसकट.