लिंबू, खोबरेल, बिब्बा आणि ‘नैसर्गिक आहे, काय होणार?’

ऊन तापू लागलं की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: सनस्क्रीन म्हणजे विषारी रसायन, फेकून द्या. खोबरेलात गाजरबियांचं तेल मिसळा, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ४० मिळेल. काळवंडलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळा, टाचांच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरा. सगळं नैसर्गिक, अपाय शून्य.

आधी ते ४०. हा आकडा नुसत्या तेलाचा नाही. गाजरबियांचं तेल घातलेल्या तयार क्रीमची चाचणी झाली होती, तिथून तो उचललाय. खोबरेलाचा आकडा ७ च्या आसपास येतो, तोही तेल अल्कोहोलमध्ये मिसळून यंत्रात मोजलेला. तो खरा धरला तरी त्वचा भाजणारे साधारण १४ टक्के किरण आत शिरतात. एसपीएफ ३० मधून ३ टक्क्यांच्या थोडे वर. भर दुपारी घोडबंदर रोडवर स्कूटर चालवणाऱ्याला हा चौपट फरक महागात पडतो. त्यात किरण अडवणारी झिंक ऑक्साइडची पूड घरी घोटली तरी गुठळ्या राहतात आणि गुठळ्यांच्या मधली कातडी उघडीच पडते. रात्री कोरड्या त्वचेला खोबरेल जरूर लावा, उत्तम आहे.

लिंबाचं प्रकरण जास्त वाईट. लिंबात, आणि रसापेक्षा सालीत जास्त, फ्युरानोकुमरिन वर्गाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर अतिनील ‘ए’ किरण पडले की त्वचेच्या पेशी जळतात. खिडकीची साधी काच हे किरण पुरते अडवत नाही. गंमत म्हणजे त्रास लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली, आग, कधी टपोरे फोड; तोवर लिंबू विसरलेलं असतं आणि दोष उन्हाला जातो. मग जे काळे डाग पडतात ते महिनोन्‌महिने हटत नाहीत. टॅन घालवायला निघालेल्याच्या गालावर पिळलेल्या रसाच्या ओघळांची नक्षी उरते. सरबत करतानाही हात साबणाने धुऊनच उन्हात जा. बावची या औषधी वनस्पतीचं तेल याच जातीचं: कोडावर ते वापरतात, पण मात्रा आणि ऊन दोन्ही मोजून.

बिब्ब्याबद्दल तर आयुर्वेदच सावध करतो. विटेच्या चुऱ्यात घोळून, धुऊन, शोधन केल्याशिवाय तो औषधात जात नाही. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भल्लातक नावाने तो आहे. त्याच्या सालीतला काळा चीक कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि ॲलर्जी उठते: पुरळ, पाणी भरलेले फोड, सूज. भेगेतून तो आणखी खोल जातो. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठांशी फोड येतात त्यांनी बिब्ब्याला हातच लावू नये. दोन्ही झाडं एकाच कुळातली. चीक लागलाच तर न चोळता लगेच साबण आणि वाहतं पाणी, नखांखालीसुद्धा. डोळ्याला लागला किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टर.

‘विषारी रसायन’ या आरोपात तथ्याचा कण आहे. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्यं रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. रक्तात सापडणं म्हणजे अपाय सिद्ध होणं नव्हे. सनस्क्रीन बंद करा असं त्या संशोधकांनीही म्हटलं नाही. तरी नको वाटत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं, घाम आला की किंवा दर दोन तासांनी पुन्हा.