फिनितो लोपेझ ५१-०-१, "पण कुणासमोर?" म्हणणाऱ्यांना उत्तर

मेक्सिकोचा बॉक्सर रिकार्डो 'फिनितो' लोपेझचं नाव निघालं की हल्ली एक ठरलेलं वाक्य येतंच येतं. "५१ विजय, शून्य पराभव, पण कुणासमोर?" आणि मागोमाग ठरलेली यादी, की वजनगट सगळ्यात छोटा होता, समोर सगळी अनोळखी पोरं होती, वरच्या १०८ पौंडांच्या गटातले मोठे चॅम्पियन चिकिता गोन्झालेस आणि मायकल कार्बाहाल यांना त्यानं टाळलं, एकदाच कोणी तगडा भेटला तर तिथं घरच्या मैदानावर ड्रॉ करून वाचला आणि वरच्या गटात गेला तोही मैदान मोकळं झाल्यावर. हे इतक्या जणांनी इतक्या वेळा शेअर केलंय की ज्यांनी त्याची एकही फाइट पाहिली नाही तेसुद्धा छातीठोकपणे सांगतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारून हात परत हनुवटीला कसा आणायचा, हे मला समजलं ते या माणसाच्या फाइट्स रात्र रात्र मागेपुढे करून बघितल्यामुळे. त्यामुळे गप्प बसवत नाही. टीकेत जिथं तथ्य आहे तिथं ते मान्यही करतो.

आधी वजनाचं. लोपेझ बहुतेक करिअर १०५ पौंडांत खेळला, म्हणजे ४७.६ किलो. याला स्ट्रॉवेट म्हणतात, मिनिममवेट म्हणतात, संघटनेप्रमाणे नाव बदलतं. हा गट १९८७ मध्ये सुरू झाला हे खरं, म्हणजे लोपेझ १९८५ ला प्रोफेशनल झाला तेव्हा तो गट अस्तित्वातच नव्हता. पण नवीन गट म्हणजे रिकामा गट असं जे गृहीत धरतात ना, त्यांनी जरा नकाशा समोर घ्यावा. थायलंड, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, इकडे मेक्सिको, निकाराग्वा, पोर्तो रिको, कोलंबिया, या सगळ्या देशांत पन्नास किलोच्या आतली पोरं ढिगानं बॉक्सिंग करतात आणि तिथं हा गट म्हणजे भुकेलेल्या पोरांची गर्दी असते. अमेरिकेच्या टीव्हीवर दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असं कसं? गट छोटा तो वजनानं, स्पर्धेनं नाही.

आता "अनोळखी पोरं". इथं मी जास्त वेळ घेणारे, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथंच होतो.

२५ ऑक्टोबर १९९० ला लोपेझनं डब्ल्यूबीसीचा बेल्ट (डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ, आयबीएफ या चार संघटना आपापले वर्ल्ड चॅम्पियन ठरवतात) जिंकला तो टोकियोत, हिदेयुकी ओहाशीच्या घरात जाऊन, पाचव्या राउंडमध्ये. ओहाशी कोण? जपानचा स्टार बॉक्सर नाओया इनोउए ज्या जिमचा आहे ना, ती जिम या ओहाशीचीच. आणि लोपेझकडून हरल्यावर तो संपला नाही, १९९२ मध्ये डब्ल्यूबीएचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे पहिलाच बेल्ट परक्या गावात, परक्या प्रेक्षकांसमोर, अशा माणसाकडून घेतला जो नंतर परत चॅम्पियन झाला. आणि त्यानंतर घरी बसून बेल्ट कुरवाळला असंही नाही, सुरुवातीच्या डिफेन्ससाठी, म्हणजे बेल्ट राखायच्या लढतींसाठी, तो परत जपानला गेला, दक्षिण कोरियात गेला.

मग १९९३, सामान सोरजातुरोंग. थाई पोरगा. लोपेझनं त्याला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं. तेव्हा हे नाव कुणाला माहीत नव्हतं, मान्य. पण दोनच वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये याच सामाननं कॅलिफोर्नियात चिकिता गोन्झालेसला सातव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं, स्वतः खाली पडून उठून, आणि ती फाइट त्या वर्षीची सर्वोत्तम म्हणून गाजली. त्या रात्री चिकिताचे दोन्ही बेल्ट गेले आणि त्याचं करिअरही तिथंच थांबलं. सामान पुढं चार वर्षं चॅम्पियन राहिला. अमक्यानं तमक्याला हरवलं म्हणून मी फलाण्यालाही हरवीन असं बॉक्सिंगमध्ये चालत नाही हे मलाही कळतं, त्यामुळे लोपेझनं चिकिताला हरवलंच असतं असं मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की ज्याला तुम्ही अनोळखी म्हणता तो चिकिताला झोपवणारा माणूस होता, आणि लोपेझसमोर तो दोन राउंड टिकला नाही.

पुढं बघा. ऑगस्ट १९९७, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर डब्ल्यूबीओचा चॅम्पियन अलेक्स सांचेझ, पोर्तो रिकोचा, १९९३ पासून बेल्ट सांभाळून असलेला. पाचव्या राउंडमध्ये खलास. १९९८ मध्ये डब्ल्यूबीएचा चॅम्पियन रोसेन्दो अल्वारेझ, त्याच्याकडे खाली सविस्तर येतो. उरली आयबीएफ. तिथं १९९२ पासून रतनपोल सोर वोरापिन नावाचा थाई चॅम्पियन ठाण मांडून बसलेला, त्याला डिसेंबर १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या झोलानी पेटेलोनं हरवलं आणि मग पेटेलो चॅम्पियन. लोपेझ या दोघांनाही भेटला, वरच्या गटात गेल्यावर, आणि दोघांनाही नॉकआउट केलं, रतनपोलला २००० मध्ये तिसऱ्या राउंडला, पेटेलोला २००१ मध्ये आठव्या राउंडला. आता मांडा हिशोब. डब्ल्यूबीसी स्वतःकडे, डब्ल्यूबीओचा चॅम्पियन हरवला, डब्ल्यूबीएचा हरवला, आणि आयबीएफवर जवळपास अख्खं दशक राज्य केलेले दोघं हरवले. आपल्या काळातल्या आपल्या गटाच्या चारही दारांवर जाऊन ठोठावलेला माणूस आहे हा. आणखी कुणाशी लढायचं होतं त्यानं त्या वजनात, नाव तर सांगा.

याच मुद्द्यात काही जण थायलंडच्या वान्हेंग मेनायोथिनचं उदाहरण देतात, की बघा, तोही याच गटात ५४-० होता, मग त्याला का नाही मानत. वान्हेंगबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या जवळजवळ सगळ्या लढती थायलंडमध्येच झाल्या, दुसऱ्या संघटनांचे चॅम्पियन त्याच्यासमोर आले नाहीत आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो हरला. लोपेझ टोकियोत लढला, कोरियात, न्यूयॉर्कमध्ये, लास व्हेगासमध्ये. दोघांच्या नावापुढं शून्य दिसलं म्हणून दोन्ही शून्यं सारखी होत नाहीत.

आता अल्वारेझ. टीका करणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता, आणि खरं सांगतो, यात थोडं तथ्य आहे. ७ मार्च १९९८, मेक्सिको सिटी. अल्वारेझ निकाराग्वाचा, टोपणनाव 'बुफालो', तोही अपराजित, दणकट, डोकं पुढं घालून आत शिरणारा. दुसऱ्या राउंडमध्ये त्यानं लोपेझला खाली पाडलं, करिअरमध्ये पहिल्यांदाच. अख्खं स्टेडियम गप्प. त्यानंतरही लोपेझला नेहमीसारखं अंतर मिळत नव्हतं, तो अस्वस्थ दिसत होता, आणि शेवटी डोक्याला डोकं आपटून लोपेझच्या डोळ्याजवळ इतकी खोल जखम झाली की फाइट थांबवावी लागली, निकाल टेक्निकल ड्रॉ, म्हणजे फाइट अर्धवट थांबली आणि बरोबरी दिली. त्या दिवशी लोपेझ हरत होता असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही, मलाही बघताना तसंच वाटलं होतं.

पण "ड्रॉ करून वाचला" हे वाक्य तिथंच का थांबतं? त्यानंतर आठ महिन्यांत, १३ नोव्हेंबर १९९८ ला, लोपेझ त्याच माणसासमोर परत उभा राहिला, या वेळी मेक्सिकोत नाही, लास व्हेगासमध्ये. ज्यानं तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर आणलं त्याच्याकडे वर्षाच्या आत परत जाणं, तेही वीसच्या आसपास डिफेन्स झालेले असताना, नाव कमावून झालेलं असताना, याला वाचणं म्हणत नाहीत. आणि अल्वारेझ त्या फाइटला वजनात बसलाच नाही, जास्त भरला. म्हणजे वजन उतरवताना शरीर पिळून काढायचा जो त्रास असतो तो लोपेझनं पूर्ण घेतला आणि समोरच्यानं अर्धवट सोडला. ज्यानं वजन कमी करताना शेवटच्या दिवशी पाण्याच्या घोटासाठी तडफडून बघितलंय त्याला कळेल हा फरक काय असतो. तरीही बारा राउंड झाले आणि तीनपैकी दोन जजनी लोपेझला दिलं. फाइट चुरशीची होती, एक जज अल्वारेझकडे होता, ते लपवायचं कारण नाही. अल्वारेझ नंतर १०८ पौंडांतही वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे लोपेझला आयुष्यात सगळ्यात जास्त त्रास देणारा माणूससुद्धा कुणी ऐरागैरा नव्हता.

नॉकआउटबद्दल पटकन. "हलकी पोरं, हलके पंच" असंही एक वाक्य असतं यादीत. ५१ पैकी ३८ विजय नॉकआउटचे, म्हणजे चारातले जवळपास तीन, आणि तेही अशा गटात जिथं साधारणपणे फाइट्स पॉइंटवर जातात. आणि ते पंच बघा कसे येतात, जॅब, मागून सरळ उजवा, मग तोच डावा हात खाली यकृतावर आणि परत वर अपरकट, चार पंच आणि पाय कुठंही वेडेवाकडे झालेले नाहीत, हात मारून झाला की लगेच हनुवटीजवळ परत. हे त्याचा मेक्सिकन ट्रेनर नाचो बेरिस्टाइनचं शिकवणं. पुढं मेक्सिकोच्याच हुआन मॅन्युएल मार्केझ या चॅम्पियनमध्ये जगानं जे पाहिलं आणि डोक्यावर घेतलं, ते सगळं त्याच उस्तादाकडे त्याच्या कितीतरी आधी लोपेझमध्ये तयार होतं. 'फिनितो' हे नाव उगाच नाही पडलं, नजाकत आहे त्या खेळात.

राहिला सगळ्यात मोठा आरोप, चिकिता आणि कार्बाहाल.

या फाइट्स झाल्या नाहीत. हे खरं आहे आणि मला त्याची आजही हळहळ वाटते. १०८ पौंडांत त्या दोघांनी १९९३-९४ मध्ये तीन फाइट्स केल्या, पहिली कार्बाहालनं नॉकआउटवर जिंकली, पुढच्या दोन चिकितानं पॉइंटवर. त्या दोघांमुळे छोट्या वजनात पैसा आला, कार्बाहाल तर त्या गटात एका फाइटसाठी दहा लाख डॉलरची पर्स, म्हणजे मानधन, घेणारा पहिला. लोपेझ फक्त तीन पौंड खाली होता. तीन पौंड म्हणजे दीड किलोसुद्धा नाही, त्यामुळे "जमलं असतं" असं वाटणं साहजिक आहे.

पण "टाळलं" हा शब्द वेगळा आहे. टाळलं म्हणायला एकानं मागितलं आणि दुसऱ्यानं पळ काढला असं काहीतरी दाखवायला लागतं, आणि हे शेअर करणाऱ्यांपैकी एकानंही ते कधी दाखवलेलं मी बघितलं नाही. जे दिसतं ते असं की चिकिता स्वतः बेरिस्टाइनच्याच हाताखालचा. एकाच उस्तादाचे दोन चॅम्पियन चेले, त्यांना एकमेकांवर सोडायला कोणता उस्ताद तयार होईल? तालमीची रीत जगात कुठंही सारखीच असते. आणि कार्बाहाल अमेरिकन, सोल ऑलिंपिकचा सिल्व्हर मेडलिस्ट, त्याच्यामागे अमेरिकन टीव्ही. त्याला मोठी कमाई चिकितासमोर मिळत होती, खालच्या गटातला एक अपराजित, उंच, तंत्रशुद्ध, आणि अमेरिकेत फारसं नाव नसलेला माणूस अंगावर घ्यायची त्याला गरज काय होती? जोखीम भरपूर, पैसा कमी. न झालेल्या फाइटला दोन बाजू असतात, आणि इथं दरवेळी दोष एकट्या लोपेझच्या पदरात टाकला जातो. चिकिता किंवा कार्बाहाल खाली वजन करून का आले नाहीत असं कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये, पण मग न्याय दोन्हीकडे सारखा लावा.

"सगळे गेल्यावर वर सरकला" याबद्दल माझं मत असं की उशीर झाला. हे मी त्याचा चाहता असून म्हणतोय. १९९४-९५ च्या सुमारास, तिशीच्या आत, तो १०८ ला गेला असता तर आज ही चर्चाच झाली नसती. तो गेला ऑक्टोबर १९९९ मध्ये, तेव्हा चिकिता चार वर्षांपूर्वी थांबलेला आणि कार्बाहालनं त्याच वर्षी जुलैमध्ये शेवटची फाइट केलेली. पण गेला तेव्हा काय केलं तेही सांगा ना. पहिल्याच फटक्यात थेट आयबीएफच्या चॅम्पियनसमोर, विल ग्रिग्सबी, अमेरिकन माणूस अमेरिकेत, आणि बारा राउंड खेळून तिन्ही जजकडून जिंकला. तेहतिसाव्या वर्षी, इतकी वर्षं शरीर १०५ मध्ये कोंबल्यावर.

आणि शेवटची फाइट. २९ सप्टेंबर २००१, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बर्नार्ड हॉपकिन्स आणि फेलिक्स ट्रिनिडाद यांच्या गाजलेल्या मोठ्या फाइटच्या रात्रीची. न्यूयॉर्कवरचा हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळेच तारीख पुढं ढकललेली. लोक मोठ्या फाइटसाठी आलेले, त्याआधी हा पस्तिशीचा छोटा माणूस पेटेलोसमोर उभा, आणि आठव्या राउंडमध्ये नॉकआउट. त्यानंतर तो परत रिंगमध्ये लढायला उतरला नाही. अजून दोन-चार सोप्या फाइट्स घेऊन आकडा फुगवता आला असता, पैसेही मिळाले असते, ते त्यानं केलं नाही. ५१-०-१ वर थांबला आणि २०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. "कुणासमोर?" विचारणाऱ्यांनी सामानची फाइट आणि अल्वारेझची दुसरी फाइट, या दोन तरी पूर्ण बघा, मग बोलू.