मजुरी बुडवून तपासणीला कोण जाणार?

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी मोफत असूनही कष्टकरी महिला येत नाहीत, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील निरीक्षण खरे असले, तरी लेखकाने त्याचे खापर त्यांच्या अनास्थेवर फोडणे मला पटत नाही. कर्नाटकातील मराठीभाषक निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई सकाळी दवाखान्याच्या रांगेत गेली, की त्या दिवसाची मजुरी बुडालीच. वर अनेकींना मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची सवय. म्हणजे तोंडाची तपासणी सर्वांत आधी यांचीच व्हायला हवी, आणि ती तर चांगल्या उजेडात तोंड आतून नीट पाहण्याइतकी साधी आहे. विड्या जमा करण्याच्या ठिकाणीच, मराठीतून समजावून सांगणाऱ्या परिचारिकेकडून ती व्हावी.